तापीकाठची वाट

मराठी कॅथलिक माणसाला 'वारसा' म्हटले की प्रथम समुद्रकिनारा आठवतो. वसईचा किल्ला व त्यातील छप्पर हरपलेली चर्चे, उत्तर कोकणातील वाड्या, रेवदंड्याची ढासळलेली तटबंदी आणि खाली गोव्यापर्यंत उभी असलेली शुभ्र दर्शनी भिंतींची प्रार्थनामंदिरे. निसर्ग, संस्कृती आणि इतिहास ह्या तिन्हींचा संगम किनाऱ्यावर सहज पाहावयास मिळतो. अशा किनारी प्रदेशातून जळगाव-धुळ्याकडे आलेला पाहुणा अजिंठा पाहून झाला म्हणजे विचारतो, "फादर, इथे आपले असे जुने काय आहे?" प्रश्न निरागस असतो, परंतु त्यातील 'आपले' ह्या शब्दापाशी क्षणभर थांबावेसे वाटते. वसईसारखी सोळाव्या शतकातील चर्चे खानदेशात नाहीत. म्हणून ह्या भूमीत आपला वारसाच नाही, असे मानावे काय?

माझ्या मते, असे मानणे ही इतिहासाची अपुरी ओळख होय. खानदेशाला समुद्र नाही, पण समुद्राकडे जाणारी वाट आहे, आणि ह्या प्रदेशाचा बहुतेक वारसा त्या वाटेच्या कडेला उभा आहे. वाटेवर कोणी एकाचा मालकी हक्क नसतो. ती चालून गेलेल्या सर्वांची असते.

ही वाट तापी नदीने आखून दिली. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावलेली ही नदी देशातील बहुसंख्य मोठ्या नद्यांच्या उलट, पश्चिमेकडे वाहते. ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून ती सुरतेपाशी समुद्राला मिळते. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आणि मध्ये काळ्या गाळाची रुंद पट्टी, असे खानदेशाचे रूप आहे. दक्षिणेकडून वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा ह्या नद्या तापीला येऊन मिळतात. पूर्वेला चांगदेव येथे पूर्णा तिच्यात विलीन होते. ह्या संगमावर चांगदेवाचे कोरीव प्राचीन मंदिर आहे. ज्यांना उद्देशून ज्ञानदेवांनी 'चांगदेव पासष्टी' लिहिली, त्या योग्याचे नाव ह्या स्थानाशी जोडलेले आहे. आणि त्यांना उपदेश करणारी मुक्ताबाई ह्याच परिसरात विजेच्या लोळात अंतर्धान पावली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. रावेर, यावल, चोपडा ह्या तालुक्यांतील केळीच्या बागा ह्याच गाळावर पोसल्या आहेत. जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी नदी, माती आणि पिढ्यान् पिढ्यांचे श्रम आहेत.

सोळाव्या-सतराव्या शतकांत सुरतेच्या बंदरात उतरलेला माणूस आग्र्याला निघाला, की त्याच्यापुढे दोन मार्ग असत. एक गुजरातेतून अहमदाबादवरून आणि दुसरा खानदेशातून बऱ्हाणपूरवरून. दुसऱ्या मार्गावर नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी मुक्कामाची गावे लागत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो ह्याच मार्गाने नोव्हेंबर १६१५ मध्ये बऱ्हाणपुरास पोहोचला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए ह्याने नवापूरच्या सुवासिक तांदळाची आवर्जून नोंद केली आहे. आणि बऱ्हाणपूरचे तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, मॉस्को व पोलंडपर्यंत जाते असेही लिहिले आहे. आमच्या काळ्या मातीचा कापूस युरोपाच्या अंगावर चढला होता, हे आजच्या शेतकऱ्याच्या मुलाला क्वचितच सांगितले जाते.

ह्याच वाटेने दुःखही वाहिले. १६३० च्या अखेरीस पीटर मंडी हा इंग्रज कारकून सुरतेहून आग्र्याकडे निघाला, तेव्हा गुजरात आणि खानदेश भीषण दुष्काळात होरपळत होते. रस्त्याच्या कडेला पडलेली प्रेते आणि नंदुरबारच्या परिसरातील मृत्यूचे थैमान त्याने लिहून ठेवले आहे. त्याची रोजनिशी वाचताना जाणवते, की वाटेवरच्या प्रदेशाचे सुखदुःख सांगण्याचे काम पुष्कळदा वाटसरूच करतो.

ह्या वाटेवर राज्य केले ते फारुकी सुलतानांनी. १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाकडून मलिक राजाला थाळनेरची जहागीर मिळाली आणि तेथून ह्या घराण्याचा उदय झाला. धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात तापीच्या काठावर थाळनेर आहे. तेथे ह्या सुलतानांची थडगी आहेत. त्यांतील एक अष्टकोनी असून त्यावरील कोरीव काम लक्ष वेधून घेते. मलिक राजाचा पुत्र नासिरखान ह्याने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर वसवले. पुढे त्याच वंशातील राजा अलीखानाने बऱ्हाणपुरात जामा मशीद बांधली. तिच्या भिंतीवर अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे आणि फारुकींची वंशावळ त्यात देवनागरी अक्षरांत कोरलेली आहे. मशिदीत संस्कृत कोरणारा शिल्पी आणि कोरवून घेणारा राजा, दोघांनाही त्यात वावगे वाटले नाही. आपापल्या धर्मस्थळाबाहेरचे सारे परके मानण्याची सवय जडलेल्या आपल्या काळाने ही भिंत नीट वाचावयास हवी.

आता पाहुण्याच्या प्रश्नातील 'आपले' ह्या शब्दाकडे वळतो. फारुकींचे राज्य संपवण्यासाठी सम्राट अकबर १६०० मध्ये बऱ्हाणपुरास आला. शेवटचा सुलतान बहादूरखान असीरगडावर जाऊन बसला. हा गड आज मध्य प्रदेशात मोडत असला, तरी तेव्हा तो खानदेशाचा प्राण होता. अकबराच्या छावणीत दोन येशूसंघीय होते. एक फादर जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या बहिणीच्या घराण्यातील. आणि दुसरे ब्रदर बेंतो द गोइश. वेढा लांबत चालला, गडाला खिंडार पाडतील अशा तोफा नव्हत्या. तेव्हा अकबराने फादर झेवियर ह्यांना सांगितले, की चौलच्या पोर्तुगीजांना लिहून तोफा आणि दारूगोळा मागवावा. येशूसंघीयांच्या पत्रांवर आधारलेल्या वृत्तान्तानुसार झेवियर ह्यांनी ते नाकारले. असे करणे ख्रिस्ती धर्माला धरून होणार नाही, हे त्यांचे कारण होते. बादशहा संतापला, धर्मगुरूंनी दरबार सोडून गोव्यास परत जावे असा हुकूम निघाला. एका हितचिंतक सरदाराने त्यांना थांबण्याचा सल्ला दिला, आणि काही दिवसांनी बादशहाचा राग निवळला.

ही घटना आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे; पण ती पूर्ण सांगावयास हवी. त्या वृत्तान्तानुसार गडाच्या रक्षकांमध्ये सात पोर्तुगीज अधिकारीही होते, त्यांनी आपला धर्म सोडलेला होता. शिवाय मोगलांची सत्ता दक्षिणेकडे सरकणे गोव्याच्या व्हाइसरॉयला रुचणारे नव्हते. तेव्हा झेवियर ह्यांच्या नकारात विवेकबुद्धी किती आणि राजकारण किती, हा प्रश्न इतिहासकाराने विचारणे रास्त आहे. १७ जानेवारी १६०१ रोजी गड पडला, त्याविषयीही दोन साक्षी आहेत. येशूसंघीयांच्या म्हणण्याप्रमाणे बहादूरखानाला शपथ घालून खाली बोलावले, शब्द मोडून अडकवले आणि मग पैसा चारून गड उघडला. अबुल फजलचा वृत्तान्त वेगळा आहे. त्यात गडावरील रोगराई आणि शरणागती ह्यांवर भर आहे. विसाव्या शतकात व्हिन्सेंट स्मिथने येशूसंघीयांची साक्ष उचलून धरली, तर इतरांनी तीत दोष दाखवले. आपले धर्मगुरू म्हणून त्यांचे प्रत्येक वाक्य प्रमाण मानावे असे नव्हे. परंतु एवढे खरे, की वेढा घालणाऱ्याच्या छावणीत राहून, त्याचे अन्न खाऊन, त्याला 'नाही' म्हणणारा एक धर्मगुरू ह्या तापीकाठी होता. राजाश्रय घेतलेल्या धर्माला 'नाही' म्हणता येणे किती कठीण असते, हे प्रत्येक काळाला ठाऊक आहे.

गड पडल्यानंतर झेवियर ह्यांनी त्या सात जणांना बादशहाकडून मागून घेतले. त्याच वर्षी अकबराने गोव्याकडे वकील पाठवला. त्याच्याबरोबर ब्रदर गोइश निघाले आणि युद्धात कैद झालेली पोर्तुगीज वंशाची माणसे त्यांनी आपल्यासोबत नेली. हेच गोइश पुढे स्थलमार्गाने चीनच्या शोधार्थ गेले आणि १६०७ मध्ये चीनच्या सीमेवरील सूचौ येथे मृत्यू पावले. इकडे बादशहाने आपला पुत्र दानियाल ह्याच्या नावावरून खानदेशाचे नाव 'दानदेश' ठेवले. ते नाव टिकले नाही. लोकांनी आपले जुनेच नाव चालवले.

ह्या वाटेवर शब्द मोडल्याची आणखी एक आठवण थाळनेरची आहे. जानेवारी १८१८ मधील मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा किल्ला इंग्रजांना दिला होता. फेब्रुवारीत जनरल हिस्लॉपचे सैन्य आले, तेव्हा किल्लेदार तुळशीराम ह्याने प्रथम प्रतिकार केला. दरवाजापाशी बोलणी चालू असता चकमक उडाली, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले आणि त्या सूडात किल्ल्यातील सुमारे तीनशे शिबंदी कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिले. खुद्द इंग्लंडच्या पार्लमेंटातही ह्या कृत्याविषयी प्रश्न उठला. एका गावात राजवंशाची थडगी आणि सामान्य शिपायांचा निनावी मृत्यू शेजारी शेजारी आहेत. पहिल्यांवर लेख आहेत, दुसऱ्यांवर नाहीत.

वाटेवरचे आणखी एक थडगे भुसावळला आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो मेजर रॉबर्ट गिल १८७९ मध्ये वारला आणि भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत विसावला. त्याने रंगवलेल्या बहुतेक चित्रांची १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत राख झाली. बुद्धाच्या चित्रांपायी झिजलेला हा ख्रिस्ती माणूस आपला म्हणावा, की अजिंठ्याचा? मला वाटते, हा प्रश्नच चुकीचा आहे.

मग खानदेशातील ख्रिस्ती माणसाने काय करावे? धुळ्याने ह्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यात निवर्तले. त्यांनी गावोगाव फिरून गोळा केलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून लगेच १९२७ मध्ये तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. पुढे शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनी समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा संग्रह जपला. ह्या मंडळींपाशी राजाश्रय नव्हता. होती ती चिकाटी. आपल्या धर्मग्रामांतही बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि दफनाच्या नोंदवह्या आहेत. रेल्वेत नोकरीसाठी भुसावळला आलेली गोव्याची आणि मंगळूरची कुटुंबे, सातपुड्याच्या पायथ्याशी श्रद्धा स्वीकारलेली आदिवासी घराणी, ह्यांच्या स्मृती त्या वह्यांत आणि म्हाताऱ्यांच्या ओठांवर आहेत. अहिराणी, भिली, पावरी ह्या बोलींतून त्या लिहून घ्याव्यात. दफनभूमीतील दगडांवरील अक्षरे पुसट होण्यापूर्वी उतरवून ठेवावीत. पुढच्या सुट्टीत धर्मशिक्षणाच्या मुलांना दूरच्या तीर्थक्षेत्री नेण्याआधी एक दिवस थाळनेरला न्यावे, दुसरा चांगदेवच्या संगमावर घालवावा. तेथे आपल्या क्रुसाची खूण सापडणार नाही. पण ज्या नदीकाठी एका धर्मगुरूने सम्राटाला तोफा नाकारल्या, तिचे पाणी त्यांनी हातात घ्यावे; आणि ते पाणी पुढे कोणत्या समुद्राला मिळते, हे त्यांना नकाशावर दाखवावे.