गाडीचं दार उघडत नाही? बिघाड चावीत, बॅटरीत की दारात, असं ओळखा

माहूरला गाडी घेऊन जाणारे आपल्यापैकी खूप जण आहेत. रेणुकामातेचं दर्शन, मग दत्तशिखर, अनुसया माता, असा सगळा दिवस जातो. पार्किंगमध्ये परत येऊन रिमोट दाबला आणि दार उघडलंच नाही तर? नांदेड इथून साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. तिथल्या सर्व्हिस सेंटरचा माणूस अर्ध्या तासात येईल असं धरून चालता येत नाही. पण बिघाड नेमका कुठे आहे हे पाच मिनिटांत तुम्हालाच ओळखता येतं. ते कळलं की कोणाला बोलवायचं तेही कळतं.

मूल आत अडकलं असेल तर आधी हे करा

बंद गाडी उन्हात उभी असेल तर आतलं तापमान पहिल्या १० मिनिटांतच साधारण १० अंशांनी वाढतं. काच थोडी खाली असली तरी फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं.

- मूल कळतं असेल तर खुणा करून त्याला पुढच्या दाराचं आतलं हँडल ओढायला सांगा. बऱ्याच गाड्यांत त्याने लॉक सुटतं.
- दुसरी चावी लगेच मिळणार नसेल तर ११२ ला फोन लावा.
- मूल सुस्त पडलं, उत्तर देईना, तर वाट बघू नका. मुलापासून लांबची बाजूची काच कोपऱ्यात टोकदार, जड वस्तूने फोडा. पुढची मोठी काच फोडत बसू नका, तिच्या आत प्लॅस्टिकचा थर असतो.

काच नवीन बसवता येते, एवढं लक्षात ठेवा.

१. एकही दार रिमोटला दाद देत नाही

चावी दाराजवळ नेऊन बटण दाबा. चावीवरचा छोटा दिवा मंद लागत असेल किंवा लागतच नसेल तर सेल संपलाय. बऱ्याच चाव्यांत सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा गोल सेल असतो, पण आधी जुन्या सेलवरचा नंबर वाचा.

टीव्हीचा रिमोट आपण मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धरून तपासतो. ती युक्ती इथे चालत नाही. टीव्हीचा रिमोट इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, गाडीची चावी रेडिओ लहरी सोडते, आणि कॅमेऱ्याला त्या दिसत नाहीत.

चावीचा दिवा नीट लागतोय, पण गाडी गप्प आहे? मग गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरली असण्याची शक्यता जास्त. आत शिरल्यावर हॉर्न आणि लाईट तपासा. तेही बंद असतील तर जंप स्टार्ट लागेल.

२. मग आत शिरायचं कसं?

स्मार्ट चावीच्या पोटात लोखंडी चावी लपवलेली असते. बाजूचा खटका सरकवला की ती बाहेर येते. ड्रायव्हरच्या दाराला भोक दिसत नसेल तर हँडलच्या टोकाला असलेलं छोटं झाकण बघा, काही मॉडेलमध्ये भोक त्याखाली असतं. असं दार उघडल्यावर सायरन वाजू शकतो, घाबरू नका. बटण स्टार्ट गाडी असेल तर ब्रेक दाबून चावी स्टार्ट बटणाला टेकवा. सेल संपला असला तरी बऱ्याच गाड्या अशा सुरू होतात.

कंपनीच्या ॲपवरूनही काही गाड्या अनलॉक होतात. पण त्यासाठी मोबाईल आणि गाडी दोघांनाही नेटवर्क हवं. डोंगराळ भागात त्याच्या भरवशावर राहू नका.

३. एकच दार उघडत नाही

- मागचं दार बाहेरून उघडतं, आतून नाही: बहुतेक वेळा हा बिघाडच नसतो! दाराच्या कडेला चाइल्ड लॉकचा छोटा खटका असतो, तो सरकवा.
- रिमोट दाबल्यावर खट्ट आवाज येतो, पण दार उघडत नाही: मोटर चालू आहे. आतला रॉड, केबल किंवा लॅच अडकलाय. मेकॅनिकचं काम.
- आवाजच नाही: त्या दाराची मोटर किंवा दाराच्या सांध्यातल्या रबरी नळीतली वायर गेली असू शकते. ऑटो इलेक्ट्रिशियन गाठा.
- हँडल सैल, ओढलं तरी काहीच जोर लागत नाही: आतली क्लिप निसटली किंवा हँडल तुटलं. पूर्ण लॉक बदलण्याआधी दाराचं पॅड उघडून दाखवायला सांगा.
- दार बंदच होत नाही, आपटून परत येतं: लॅच आधीच बंद स्थितीत गेलाय. जोरात आपटू नका. बाहेरचं हँडल ओढून धरा आणि स्क्रूड्रायव्हरने लॅच मोकळा करा.

हे करू नका

काचेच्या फटीतून पट्टी किंवा तार घालू नका. दारात वायरिंग असतं, काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सरही असतात. चावीच्या भोकात खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि लॉक अजून जाम होतं. भोकासाठी ग्राफाइट पावडर आणि लॅचला थोडं पांढरं ग्रीस, एवढं पुरतं.

निघण्याआधी दोन कामं करा. दुसरी चावी गाडीत न ठेवता सोबतच्या माणसाच्या खिशात द्या. मॅन्युअलमधल्या चावी आणि फ्यूजच्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा, म्हणजे नेटवर्क नसलं तरी माहिती हाताशी राहील.