कृषिशिक्षणातील कार्यानुभव
कृषिपदवीधराला शेतीची कामे स्वतः करता यावीत, या हेतूने पदवी अभ्यासक्रमात अंतर्भूत केलेले प्रात्यक्षिक शिक्षण. अमेरिकेत मॉरिल कायद्यान्वये (१८६२) सरकारी जमिनीच्या देणगीतून निघालेल्या महाविद्यालयांच्या धर्तीवर पंतनगर येथे भारतातील पहिले कृषिविद्यापीठ स्थापन झाले (१९६०). महाराष्ट्रात राहुरीचे १९६८ मध्ये. तथापि लेखी परीक्षेचे वर्चस्व टिकल्याने, कलम बांधता न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही कलमांवरील प्रश्नात उत्तम गुण मिळू शकत. पुढे ग्रामीण कृषिकार्यानुभव आला व विद्यार्थी खेड्यात शेतकऱ्यांसमवेत राहू लागले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टुडंट रेडी’ योजनेत त्यास उत्पादन-विक्रीच्या अनुभवाची जोड मिळाली. दैनंदिनी व अहवाल यांवर गुण देणे सोयीचे खरे. परंतु त्यांवरून हातचे कसब पारखता येत नाही.