पुढील दातांवरील सदोष दंतमुकुट

दंतमुकुट (बोलीत टोपी, कॅप किंवा क्राउन) हे कीड, मोडतोड किंवा रूट कॅनाल उपचारामुळे अशक्त झालेला दात घासून लहान केल्यावर त्यावर सिमेंटने बसवले जाणारे कृत्रिम आवरण आहे. हे आवरण दाताच्या कडेशी, हिरडीशी किंवा शेजारच्या व समोरच्या दातांशी नीट जुळत नसल्यास तो मुकुट सदोष मानला जातो. पटाशीचे दात व सुळे यांवरील मुकुटाचा रंग किंवा आकार चुकल्यास ते लगेच नजरेत भरते. मात्र दाताचे खरे नुकसान करणारा दोष बहुधा हिरडीलगत दडलेला असतो आणि आरशात दिसत नाही.

कड आणि हिरडी

मुकुट संपून नैसर्गिक दात सुरू होतो त्या रेषेला मुकुटाची कड म्हणतात. तेथे सूक्ष्म फट राहतेच. मॅक्लीन व फॉन फ्राउनहोफर यांनी १९७१ मध्ये १२० मायक्रोमीटर ही या फटीची स्वीकारार्ह कमाल मर्यादा सुचवली आणि ती आजही आधारभूत मानली जाते. फट मोठी असल्यास सिमेंट झिजते, जंतूंचा थर साचतो व आत कीड लागते. रूट कॅनाल झालेल्या दातात संवेदना नसल्याने ही कीड दुखत नाही. कधीकधी दाताच्या खुंटासह मुकुट हातात आल्यावरच ती उघडकीस येते.

कड हिरडीत फार खोल नेणे हाही दोषच होय. हाडाच्या वर साधारण २ मिलिमीटर उंचीची ऊती दाताला चिकटलेली असते. मुकुटाची कड या पट्ट्यात घुसल्यास हिरडी लाल व सुजलेली राहते आणि ब्रश करताना रक्त येते. पातळ हिरडी मागे सरकते व धातूयुक्त मुकुटाची काळसर रेषा उघडी पडते. ही रेषा लपवण्यासाठीच कड खोल नेण्याचा मोह होतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

इतर दोष

मुकुट अधिक जाड किंवा लांब असल्यास ओठ पुढे ढकलला जातो आणि ‘स’, ‘व’ यांसारख्या ध्वनींचा उच्चार बिघडू शकतो. उंच मुकुटावर चावताना दुखते.

तपासणी व उपचार

दंतवैद्य टोकदार प्रोब कडेवरून फिरवून पायरी किंवा फट शोधतात. क्ष-किरण चित्रात केवळ दोन दातांमधील बाजूंची कड स्पष्ट दिसते; ओठाकडील व टाळूकडील नव्हे. त्यामुळे निर्दोष चित्र हा पूर्ण पुरावा ठरत नाही.

उंची किंचित अधिक असल्यास घासून व गुळगुळीत करून भागते. निसटलेल्या मुकुटाची कड चांगली असल्यास तोच पुन्हा चिकटवता येतो. कडेचा मोठा दोष मात्र वरून सिमेंट भरून दूर होत नाही. मुकुट चिरून काढावा लागतो, कीड साफ करून नीट कडेचा तात्पुरता अॅक्रिलिक मुकुट बसवला जातो आणि हिरडी बरी होईपर्यंत काही आठवडे थांबावे लागते. सुजलेल्या, रक्त येणाऱ्या हिरडीत घेतलेले माप चुकण्याचा धोका अधिक असतो. घाई केल्यास जुनाच दोष नव्या मुकुटात उतरतो.

कड फार खोल असल्यास शस्त्रक्रियेने हिरडी व हाड कमी करता येते. परंतु पुढील दात त्यामुळे लांब दिसू लागतो. म्हणून तारेच्या साहाय्याने दात हळूहळू बाहेर ओढण्याचा पर्याय येथे अनेकदा श्रेयस्कर ठरतो. मुकुटाच्या पकडीसाठी हिरडीच्या वर सुमारे २ मिलिमीटर निरोगी दात उरणे इष्ट असते. तेवढा भाग मिळवता न आल्यास दात काढून रोपण किंवा ब्रिज यांचा विचार होतो. प्रत्येक वेळी मुकुट बदलताना मूळ दाताचा थोडा अंश जातो, त्यामुळे केवळ रंगासाठी वारंवार बदल करणे हितावह नसते.

नवा मुकुट कायमचा चिकटवण्यापूर्वी बसवून पाहिला जातो. दात कोरडा पडला की पांढुरका दिसतो, म्हणून रंग ओल्या दाताशी व दिवसाच्या उजेडात जुळवतात. आकार, लांबी व उच्चार यांविषयीची हरकत रुग्णाने याच टप्प्यावर नोंदवावी. या वेळी मुकुट प्रयोगशाळेकडे परत पाठवता येतो, सिमेंट लागल्यावर तो बहुधा तोडूनच काढावा लागतो.

तक्रार

भारतात सशुल्क दंतसेवा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कक्षेत येते व तक्रारीची मुदत सामान्यतः २ वर्षे आहे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. अशा वेळी बिले, आधीची व नंतरची क्ष-किरण चित्रे आणि काढलेला मुकुट जपून ठेवणे उपयोगी ठरते.