इंजेक्शनचा गुण ओसरला, तर आधी कारण शोधा

चारठाणा (ता. जिंतूर) : शौचावाटे रक्त पडू लागले की ग्रामीण भागात मूळव्याध किंवा आव समजून घरगुती उपाय केले जातात. मात्र हा त्रास आठवडेच्या आठवडे चालला, तर तो 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' असू शकतो. या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडतात. गोळ्या व स्टिरॉइडने तो आटोक्यात न आल्यास जैविक औषधांची इंजेक्शने दिली जातात. या विकारासाठी इन्फ्लिक्सिमॅबला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने डिसेंबर २०१४ मध्ये अ‍ॅडालिमुमॅबची स्वस्त आवृत्ती भारतात आणली. तरीही हा उपचार महागडाच आहे. म्हणूनच गुण ओसरल्यावर मात्रा वाढवावी की औषध बदलावे, हा निर्णय अंदाजाने घेणे परवडत नाही.

नेहमीची मात्रा
इन्फ्लिक्सिमॅब रुग्णालयात सलाइनमधून देतात. दर किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम या प्रमाणात पहिला डोस, मग दुसऱ्या व सहाव्या आठवड्यात आणि पुढे दर आठ आठवड्यांनी एक डोस असा क्रम असतो. अ‍ॅडालिमुमॅब त्वचेखाली टोचतात. सुरुवातीला १६० मिलिग्रॅम, दोन आठवड्यांनी ८० आणि त्यानंतर दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम दिले जाते.

बदल कसा ठरतो?
त्रास पुन्हा सुरू झाला म्हणजे औषध निकामी झाले, असे नव्हे. डोस चुकला होता का, आतड्यात जंतुसंसर्ग झाला आहे का, हे प्रथम पाहावे लागते. सूज खरोखर वाढली आहे का, हे शौचाच्या कॅल्प्रोटेक्टिन तपासणीतून किंवा दुर्बिणीतून कळते. त्यानंतर पुढील डोसच्या अगदी आधी रक्त घेऊन त्यातील औषधाची पातळी आणि औषधाविरुद्धची प्रतिपिंडे मोजतात. अमेरिकेच्या पचनविकार तज्ज्ञ संघटनेने २०१७ मध्ये इन्फ्लिक्सिमॅबसाठी किमान ५ आणि अ‍ॅडालिमुमॅबसाठी किमान ७.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर ही पातळी सुचविली.

निष्कर्षानुसार मार्ग तीन :
- पातळी कमी, प्रतिपिंडे नाहीत : मात्रा वाढवतात किंवा दोन डोसमधील अंतर कमी करतात.
- पातळी कमी, प्रतिपिंडे भरपूर : त्याच गटातील दुसरे औषध देतात. गरजेनुसार अ‍ॅझाथायोप्रिनची जोड दिली जाते.
- पातळी पुरेशी, तरीही सूज : वेगळ्या पद्धतीने काम करणारे वेडोलिझुमॅब किंवा उस्टेकिनुमॅब यांसारखे औषध निवडतात.

बरे वाटले म्हणून थांबू नका
पैशांची जुळवाजुळव होईना किंवा बरे वाटू लागले, म्हणून डोस पुढे ढकलणाऱ्यांनी सावध राहावे. मध्येच खंड पडल्यास प्रतिपिंडे तयार होण्याचा धोका वाढतो. मग तेच इन्फ्लिक्सिमॅब पुन्हा सुरू करताना तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. खर्चाची अडचण असेल, तर डोस टळण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगावे.

क्षयरोगाची तपासणी अत्यावश्यक
इन्फ्लिक्सिमॅब व अ‍ॅडालिमुमॅबमुळे शरीरात दबा धरून बसलेला क्षयरोग उफाळू शकतो. त्यामुळे उपचारापूर्वी छातीचा एक्स-रे तसेच मॉन्टू किंवा रक्ताची तपासणी करतात. उपचार सुरू असताना खोकला, ताप किंवा वजनात घट आढळल्यास लगेच कळवावे.

गावाकडील रुग्णांसाठी
चारठाण्यासारख्या गावातून तज्ज्ञांकडे जाणे म्हणजे पूर्ण दिवसाची खोटी. म्हणून रक्ताचा नमुना आणि डोस यांचा दिवस एकच ठरवून घ्यावा. अ‍ॅडालिमुमॅब २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. परभणीच्या उन्हाळ्यात ते थंड पेटीतूनच आणावे. मात्र ते थेट बर्फाला लागू देऊ नये, कारण गोठलेले औषध वापरता येत नाही. दिवसातून सहा किंवा अधिक वेळा रक्तमिश्रित शौच आणि सोबत ताप वा छातीत धडधड असेल, तर पुढच्या डोसची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.