खानदेशातील नद्या आणि त्यांचे पूर

महोत्सवी अंकात देवळाच्या बांधणीचा, धर्मगुरूंच्या कार्याचा व शाळेचा इतिहास यावा हे रास्तच आहे. त्यात पुराच्या इतिहासास जागा कशासाठी, असा प्रश्न काही वाचक करतील. आमचे उत्तर एवढेच की, ज्या भूमीत आपली घरे उभी आहेत तिच्या नद्यांची ओळख नसणे हे आपल्या स्वतःच्या इतिहासाचे एक पान कोरे ठेवण्यासारखे आहे. शिवाय ह्या विषयाची गरज आपल्यापैकी नदीकाठच्या सखल वस्तीत राहणाऱ्यांस सर्वांत अधिक आहे.

खानदेश म्हटला की अवर्षण आठवते. मैदानी भागात वर्षाकाठी साधारण २० ते ३० इंच पाऊस, तोही लहरी. १८०२ ते १८०४ चा दुष्काळ, पुढे १८९९-१९०० चा भयंकर ‘छपन्न्या’ यांच्या कथा घराघरांतून चालत आल्या. दुष्काळ वर्षभर छळतो, म्हणून तो स्मरणात राहतो. पूर दोन-तीन दिवसांत येतो आणि जातो. चिखल वाळला, भिंती पुन्हा उभ्या राहिल्या की एका पिढीत तो विसरला जातो. ज्या मुलखात लोक आठ महिने पाण्यासाठी आभाळाकडे पाहतात, तेथे पाण्याचे भय वाटत नाही, ही गोष्ट मनुष्यस्वभावास धरूनच आहे. परंतु तीच घातक ठरते.

प्रथम तापीचा विचार करू. ही नदी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून सुमारे ७२४ किलोमीटर वाहत जाऊन सुरतेपलीकडे समुद्रास मिळते. चांगदेव येथे पूर्णा तिला मिळते, आणि पुढे वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, बुराई अशा नद्या दोन्ही बाजूंनी येऊन मिळत जातात. खानदेशात तापीने गाळाच्या जमिनीत खोल पात्र कोरले आहे. काठ उंच, दरडी उभ्या. त्यामुळे साधारण पुरात तिचे पाणी पात्राबाहेर पडत नाही आणि काठचा शेतकरी निर्धास्त असतो. तथापि ती खरोखर भरली म्हणजे उपनद्यांच्या व नाल्यांच्या मुखाशी पाणी मागे तुंबते, आणि नदीपासून दूर समजल्या गेलेल्या गावांतही शिरते. इंग्रजी अंमल बसून चार वर्षेही झाली नव्हती तोच १८२२ साली तापीच्या पुराने ६५ गावे नष्ट झाली, ५० गावांचे अंशतः नुकसान झाले, आणि अडीच लाख रुपयांची हानी झाली, अशी सरकारी नोंद आहे. पेंढाऱ्यांच्या धुमाळीतून नुकत्याच सुटलेल्या मुलखावर हा घाव केवढा असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

तापीच्या पुरास आणखी एक कारण आहे. बंगालच्या उपसागरात उठणारी पावसाळी वादळे बहुधा पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकतात, आणि तापीही त्याच दिशेने वाहते. म्हणजे पाऊस व पूर एकाच वाटेचे प्रवासी होतात. वरून आलेले पाणी जळगाव, धुळे या भागांत पोहोचते त्याच सुमारास तेथेही पाऊस कोसळत असतो, आणि दोहोंचा भार एकदमच खाली जातो. १९६८ च्या ऑगस्टात सुरत बुडाली ती अशाच योगाने. २००६ च्या ऑगस्टात उकाई धरण असतानाही ते शहर पुन्हा बहुतांशी पाण्याखाली गेले.

परंतु आमच्या मते खानदेशास खरे भय मोठ्या तापीपेक्षा लहान नद्यांचे आहे. पांझरा, गिरणा, तितूर ह्या सह्याद्री व सातमाळा डोंगरांतून उतरतात. उतार तीव्र, पात्र उथळ, वाट थोडी. डोंगरावर रात्री पाऊस झाला तर पहाटे पूर गावात. आणि उन्हाळ्यात ह्याच नद्या इतक्या कोरड्या की पात्रात डांगरांच्या वाड्या होतात, वाळूच्या गाड्या भरतात, जनावरे बसतात. ज्या पात्रातून मनुष्य वर्षातील आठ महिने पायी चालतो, ते पात्र नदीचे आहे हे त्यास पटवून देणे कठीण.

पांझरेची हकीकत ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. सह्याद्रीत पिंपळनेरच्या बाजूस उगम पावून ही नदी धुळ्यावरून जाते आणि मुडावद येथे तापीस मिळते. १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले व दक्षिण तीरावर सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. समोरच्या तीरावर देवपूर. शहर वाढले, पन्नासेक वर्षे सुखात गेली. मग १८७२ साली गिरणा व पांझरा ह्या दोन्ही नद्यांस महापूर आला. धुळे शहरातील ५०० घरे वाहून गेली. नदीच्या पलीकडील एक अखंड गाव पाहता पाहता नाहीसे झाले. जिल्ह्यात एकंदर १५२ गावांस उपद्रव पोहोचून १६ लाख रुपयांची मालमत्ता नष्ट झाली. हे त्या काळचे सोळा लाख होत. सरकारी मदत व खाजगी दानधर्म यांतून हजारावर लोकांस साह्य देण्यात आले. एक सबंध गाव गेले, त्याचा उल्लेख जुन्या दप्तरात एका वाक्याचा. आणि आज त्या तीरावर राहणाऱ्या किती जणांस ते वाक्य ठाऊक आहे?

ह्याच पांझरेवर आपल्या पूर्वजांनी फड पद्धतीचे बंधारे बांधले. त्यांतील कित्येक तीनशे वर्षांहून जुने मानले जातात. बंधारा ठेंगणा, पक्क्या दगडचुन्याचा. उन्हाळी-हिवाळी पाणी पाटाने फडांत न्यावयाचे, पाटकऱ्याने ते पाळीने वाटावयाचे, आणि पूर आला म्हणजे तो बंधाऱ्यावरून सरळ निघून जावयाचा. पुरास अडविण्याचा आव त्या कारागिरांनी आणला नाही. त्यास वाट ठेवली. ही समजूत आम्हास मोठी वाटते.

नंतरच्या काळात मोठी धरणे झाली. गिरणा धरण १९६९ साली पुरे झाले. भुसावळजवळ तापीवर हतनूर झाले. त्याचे ४१ दरवाजे उघडल्याची वार्ता दर पावसाळ्यात कानी येते. पुढे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथे तापीवर बंधारे झाले, आणि पांझरेवर अक्कलपाडा. ह्यांनी शेतीस पाणी दिले व लहान पुरांची धार बोथट केली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु धरण भरलेले असता वरून लोंढा आला तर तो पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. शिवाय लहान पूर दिसेनासे झाल्याने लोक काठाच्या अधिकच जवळ येतात. हा उलटा परिणाम धरणाच्या हिशेबात कोणी धरत नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पांझरेस महापूर येऊन धुळ्यातील पूल पाण्याखाली गेले. त्याहून बोलके उदाहरण चाळीसगावचे. ३० व ३१ ऑगस्ट २०२१ च्या रात्री सातमाळ्यावर मुसळधार पाऊस झाला. तितूर व डोंगरी ह्या दोन्ही नद्या एकदम चढल्या, शहरातील बाजारपेठेत व अनेक गावांत पाणी शिरले, शेकडो गुरे वाहून गेली, आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. माणसे झोपेत होती. ह्या नद्यांची नावे जिल्ह्याबाहेर फारशी कोणास ठाऊक नव्हती. मोठ्या पुराची सूचना मोठ्या नदीवर मिळते, लहान नदीवर ती मिळण्याइतका अवकाशच नसतो.

म्हणून आमची एक सूचना आहे, तीही अल्पखर्चाची. प्रत्येक नदीकाठच्या गावात शाळेच्या, देवळाच्या किंवा चावडीच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची सर्वांत वरची रेघ दगडात कोरून तिच्याजवळ साल लिहावे. आपल्या धर्मग्रामात बाप्तिस्मे, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी काटेकोर ठेवल्या जातात. त्याच कपाटात एक लहान वही पुरासाठी असावी. पाणी किती वाजता चढले, कोठपर्यंत आले, कोणत्या वाटेने लोक बाहेर पडले, कोणत्या घरातील म्हातारी माणसे उचलून न्यावी लागली, एवढे चार-दोन ओळींत लिहिले तरी पुरे. चाळीसगावची रात्र पाहिलेली माणसे आज हयात आहेत. पहिली पाने त्यांच्याकडून भरून घेता येतील.