फाटक्या आवाजाचा इतिहास

ज्यांच्या घरी एके काळी व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना दोन गोष्टी आठवत असतील. बटण फिरवल्याबरोबर आवाज येत नसे. आतल्या काचेच्या नळ्या तांबूस उजळायच्या, तापायच्या, आणि मग निवेदकाचा आवाज दुरून चालत आल्यासारखा यायचा. दुसरी गोष्ट म्हणजे, क्रिकेटची कॉमेंट्री अंगणापर्यंत ऐकू जावी म्हणून कोणी बटण टोकाला नेलं, की आवाज फाटायचा. लगेच घरातलं वडीलधारं माणूस ओरडायचं, "अरे, कमी कर, फाटतोय!"

आज मला या फाटण्याबद्दलच बोलायचं आहे. आपण जो दोष म्हणून कमी केला, तो अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये काही गिटारवादकांनी जपला, वाढवला. पुढे तो पायाने दाबायच्या एका डबीत बंद होऊन दुकानात विकायला आला. या डबीला पेडल म्हणतात. फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन ही तिची वेगवेगळी रूपं. गिटारची तार छेडली की तिचा विद्युतसंदेश आधी या डबीतून जातो आणि मग व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमध्ये शिरतो. पण डबी फार नंतरची. आधी आला तो बिघाड.

गिटार हे मुळात हळू आवाजाचं वाद्य. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम यांच्या ताफ्यात ते बिचारं ऐकूच येत नसे. म्हणून १९३० नंतरच्या दशकात विजेची गिटार आली. चार्ली ख्रिश्चन १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि गिटार इतर वाद्यांच्या बरोबरीने एकल वादन करू लागली. तेव्हा अँप्लिफायर बनवणाऱ्यांचा हेतू साधा होता: आवाज मोठा व्हावा, पण स्वच्छ राहावा.

हा स्वच्छपणा मोडला तो गरजेने. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे गेली. मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावरचा मडी वॉटर्स १९४३ मध्ये शिकागोला आला. दिवसभर राबलेली माणसं रात्री ज्या गुत्त्यांत जमत, तिथल्या गलक्यात लाकडी गिटारचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. त्याने विजेची गिटार घेतली. अशा कलावंतांचे अँप्लिफायर छोटे आणि गर्दी मोठी. बटण टोकाला गेलं आणि आवाज फाटू लागला. तो कमी करायला सांगणारं तिथे कोणी नव्हतं.

मार्च १९५१ मध्ये आइक टर्नरचा ताफा मिसिसिपीहून मेम्फिस शहरातल्या सॅम फिलिप्सच्या स्टुडिओकडे निघाला. वाटेत गिटारवादक विली किझार्टच्या अँप्लिफायरला इजा झाली. कोणी सांगतं तो गाडीवरून पडला, कोणी सांगतं पावसात भिजला. स्टुडिओत पोचल्यावर कळलं, की स्पीकरचा कागदी पडदा फाटला आहे. फिलिप्सने त्यात कागद कोंबले. गिटार घुमू लागली, घरघरू लागली, काहीशी सॅक्सोफोनसारखी वाजू लागली. फिलिप्सला तो आवाज आवडला आणि त्याने तो तसाच ठेवला. 'रॉकेट ८८' हे ते गाणं. कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि रॉक अँड रोलच्या पहिल्यावहिल्या गाण्यांत आज त्याची गणना होते. तबकडीवर नाव छापलं गेलं ते गायक जॅकी ब्रेन्स्टन आणि 'डेल्टा कॅट्स' यांचं. या नावाचा ताफा अस्तित्वातच नव्हता. ज्याच्या फाटक्या स्पीकरने हे घडवलं, तो विली किझार्ट जगाला जवळजवळ अनोळखीच राहिला.

फाटतं म्हणजे नेमकं काय होतं? आवाजाची लाट म्हणजे एकामागून एक टेकड्या आहेत असं समजा. व्हॉल्व्ह त्या टेकड्या उंच करतो. पण त्याची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे रेटलं, की टेकडीचा माथा चेपतो. ट्रान्झिस्टरच्या अँप्लिफायरमध्ये हा माथा बहुधा सुरीने कापल्यासारखा सपाट होतो. व्हॉल्व्हमध्ये तो पिठाच्या गोळ्यावर तळहात दाबावा तसा हळूहळू चेपत जातो. माथा चेपला की मूळ सुरात नसलेले, किंवा अगदी क्षीण असलेले, वरचे स्वर उमटतात. तंबोरा ऐकणाऱ्यांना स्वयंभू स्वर ठाऊक आहेत. हे त्यांचेच भाऊबंद. सूर दाट होतो, लांबतो.

आणि आपला कान त्याला फसतो. माणूस जिवाच्या आकांताने ओरडतो तेव्हा त्याचा गळाही असाच खरखरतो. शाहीर डफावर थाप मारून वरच्या पट्टीत चढतो आणि त्याचा आवाज चरचरतो, तेव्हा अंगावर काटा येतो. तो सूर चुकला म्हणून नव्हे. म्हणून फाटलेली गिटार हळू लावली, तरी कुणीतरी पूर्ण ताकद लावून काही सांगतंय, असंच वाटतं.

हे सरकारी माणसांच्या आणि रेडिओवाल्यांच्याही लक्षात आलं असावं. लिंक रे हा शॉनी या मूळ अमेरिकी जमातीचा वारसा सांगणारा गिटारवादक. क्षयामुळे त्याचं एक फुप्फुस गेलं होतं. गाणं अवघड झालं होतं. त्याने गिटारलाच बोलतं केलं. अँप्लिफायरच्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली आणि १९५८ मध्ये 'रंबल' ही धून बाहेर काढली. रंबल म्हणजे टोळ्यांची हाणामारी. अमेरिकेतल्या काही रेडिओ केंद्रांनी ती वाजवायचं नाकारलं. तिने पोरं बिघडतील, ही भीती. या धुनेत एकही शब्द नाही! शब्दांवरची बंदी आम्हा कवी मंडळींना नवी नाही. पण नुसत्या खरखरीची भीती वाटावी, हा त्या खरखरीचा केवढा मान!

डबीचा जन्म मात्र वेगळ्या घरात झाला. नॅशव्हिल ही गोऱ्यांच्या कंट्री संगीताची राजधानी. तिथे मार्टी रॉबिन्सच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचं बास गिटार गाढवासारखं ओरडू लागलं. बऱ्याच चर्चेनंतर तो तुकडा तसाच ठेवला गेला, आणि १९६१ मध्ये गाणं गाजलं. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडीने मग ट्रान्झिस्टर वापरून तो बिघाड मुद्दाम घडवणारं मंडल तयार केलं. गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते 'मेस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणलं. गिटार ट्रम्पेटसारखी, चेलोसारखी वाजेल, अशी त्याची जाहिरात होती. सुरुवातीला दुकानदारांनी माल भरला, पण पुढे गिऱ्हाईकच फिरकेना.

१९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याची सुरावट या डबीतून वाजवली. ती नुसती कच्ची खूण होती. त्या जागी नंतर ब्रासची वाद्यं घालायची, असा त्याचा विचार होता. पण कच्ची खूणच गाणं होऊन बसली आणि दुकानांतल्या डब्या संपल्या. गंमत अशी, की त्याच वर्षी ओटिस रेडिंग या कृष्णवर्णीय गायकाने हे गाणं खरोखरच ब्रासच्या वाद्यांवर म्हटलं.

त्याआधी, १९६४ मध्ये, किंक्स या इंग्रज बँडच्या डेव्ह डेव्हिसने आपल्या स्वस्तातल्या छोट्या अँप्लिफायरचा स्पीकर ब्लेडने चिरला होता. 'यू रिअली गॉट मी'मधला तो आवाज ऐकला की एक गोष्ट जाणवते. फाटलेल्या आवाजात पुष्कळ स्वर एकदम वाजवले की गोंधळ होतो. टिकून राहतो तो सा आणि पंचम. म्हणून रॉकवाल्यांनी गिटारचे कॉर्ड या दोन स्वरांवर आणले. आपला तंबोरासुद्धा बहुतेक वेळा याच दोन स्वरांत लागतो.

सतारीचा तर थेट संबंध आहे. १९६५ मध्ये यार्डबर्ड्स या बँडने 'हार्ट फुल ऑफ सोल' या गाण्यासाठी लंडनच्या स्टुडिओत सतारवादक बोलावला होता. हवा तो जोर येईना, तेव्हा जेफ बेकने फझची डबी लावून सतारीची नक्कल केली. तो नक्कल करत होता ती जवारीची. घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार त्यावर हलकेच घासत थरथरावी आणि सूर झणझणावा, ही जवारी. आपल्या मिरजेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालतं. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात ही कला हाती घेतली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. जवारी 'बंद' झाली की वाद्य स्वच्छ वाजतं खरं, पण कारागीर म्हणतो ते मुकं झालं.

लंडनमध्येच जिम मार्शल या ड्रमच्या दुकानदाराने १९६० नंतर अमेरिकी फेंडरच्या नमुन्यावर अधिक रांगडे अँप्लिफायर बनवले. १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रणात एरिक क्लॅप्टनने आपला मार्शल रंगमंचावर लावतो तेवढाच मोठा लावायचा हट्ट धरला. स्टुडिओतल्या रिवाजाला ते सोडून होतं. पण व्हॉल्व्ह रेटले जातात ते तेव्हाच. जिमी हेंड्रिक्सने हे दोन्ही प्रवाह एकत्र केले: पुढे 'फझ फेस' डबी, मागे टोकाला लावलेले मार्शल. १८ ऑगस्ट १९६९ च्या सकाळी, व्हिएतनामचं युद्ध चालू असताना, एके काळी सैन्यात असलेल्या या कृष्णवर्णीय तरुणाने वुडस्टॉकच्या मंचावर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. त्यात बॉम्ब पडत होते, विमानं घोंगावत होती, आणि मधेच सैनिकाच्या अंत्यविधीची बिगुलाची धून येत होती. स्वच्छ आवाजात हे सांगता आलं नसतं.

पण रोज इतका मोठा आवाज कोणाला परवडणार? शेजारी असतात, छोट्या खोल्या असतात. तिथे पुढची पेडलं कामाला आली. १९७९ च्या सुमारास जपानमध्ये सुसुमु तामुरा यांनी रचलेली 'ट्यूब स्क्रीमर' ही हिरवी डबी त्यांत सर्वांत प्रसिद्ध. जाणकार ती गंमतशीर रीतीने लावतात. अँप्लिफायर आधीच फाटण्याच्या काठावर आणून ठेवायचा. डबीचं ड्राइव्हचं बटण कमी, लेव्हलचं बटण जास्त. म्हणजे डबी स्वतः फार ओरडत नाही; ती खर्ज थोडा छाटते, मधला पट्टा उचलते आणि व्हॉल्व्हला ढकलते. तार हळू छेडली तर सूर निवळ, जोरात छेडली तर फाटलेला. बोटाची ताकद ऐकू येते. डिस्टॉर्शनची डबी याउलट सगळं काम स्वतःच करते. अँप्लिफायर स्वच्छ असला तरी तिला चालतं. पण भरभरून फाटलेल्या अँप्लिफायरपुढे ती लावली तर सूर चिखलात रुततो. बिघडवण्यालाही प्रमाण लागतं.

आज असे व्हॉल्व्ह रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्या देशांत बनतात. २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे रशियातून ते येणार नाहीत अशी आवई उठली, तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांचे धाबे दणाणले. दुसरीकडे, संगणक या चेपलेल्या लाटांची हुबेहूब नक्कल करतो आहे. हवा तेव्हा, हवा त्या वर्षाचा बिघाड मिळतो.

घरात दखनी बोलून मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला 'शुद्ध' या शब्दाचा थोडा धसका असतो. म्हणूनही असेल, मला या इतिहासात यंत्रापेक्षा माणसं जास्त दिसतात. कापसाच्या मळ्यातून शहरात आलेली, एका फुप्फुसावर जगणारी, भर रस्त्यात अँप्लिफायर फुटलेली माणसं. नवा स्पीकर आणायला तेव्हा वेळ असता, तर किझार्टने कदाचित तो आणलाही असता. पण तेव्हा गाणं थांबवायचं नव्हतं. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबून, आहे त्या आवाजात, त्याने आपलं म्हणणं पूर्ण केलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)