अश्मीभूत विष्ठेची ओळख
भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत भटकताना एखादा लंबगोल, पीळदार दगड सापडला, की हौशी संग्राहकाला ती प्राण्याची अश्मीभूत विष्ठा, म्हणजेच 'कोप्रोलाइट' वाटू शकते. मात्र, हे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे बनलेले आहेत. विष्ठा तप्त लाव्हात टिकत नाही. ती गाळाच्या खडकात टिकते. त्यामुळे येथील असे दगड म्हणजे बहुधा बेसॉल्टच्या पोकळ्यांत साचलेली गारगोटी वा झिओलाइट, किंवा झिजून गोलावलेला बेसॉल्टच असतो.

खरी कोप्रोलाइट महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे, लॅमेटा थरांत मिळतात. ओळखताना केवळ आकारावर विसंबू नये. मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेत फॉस्फेट, हाडांचे तुकडे किंवा माशांचे खवले, तर शाकाहारींच्या विष्ठेत वनस्पतींचे अवशेष आढळतात. डायनोसॉरच्या काळीही गवत होते, हे २००५ मध्ये पिसदुऱ्याच्या नमुन्यांतील गवताच्या सूक्ष्म सिलिका-कणांवरूनच सिद्ध झाले.

म्हणून संशयित नमुना फोडू नये. सापडल्याचे ठिकाण व खडकाचा थर नोंदवून तो भूशास्त्राच्या अभ्यासकांना दाखवावा. अशी नोंद नसलेल्या नमुन्याला संशोधनात फारसे मोल उरत नाही.